जाळीतली मोटारसायकल

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, ती लाल-पांढरी बाईक अजून आहे का?" मी "आहे" म्हणाले आणि लगेच तुमच्या शाळेची चौकशी सुरू केली. धाकट्याने मग माझ्या मागे काय दिसतंय ते विचारलं. "तू जेलमध्ये आहेस का?" त्यावर तुमच्या बाबांनी फोन काढून घेतला.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची राहिली आहेत. येत्या शनिवारी मला तुमच्या बाबांच्या पुण्याच्या फ्लॅटवर नेणार आहेत, चार महिन्यांसाठी. तिथे गेल्यावर मी सावकाश लिहीन असं मनाला सांगत होते, पण वस्तू डोळ्यांसमोर नसली की माणूस तिच्याबद्दल गोड गोड लिहायला लागतो, हे मी पाहिलेलं आहे. गाडी समोर उभी आहे तोवरच लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं. माझं सगळं शिक्षण पुण्यात इंग्रजी शाळेत झालं, आणि पत्र अजूनही मला इंग्रजीतच चटकन सुचतं. पण या गाडीबद्दल या घरात जे काही बोललं गेलं ते मराठीत, भांडणंसुद्धा. भाषांतर केलं तर तुमच्या पणजीला इंग्रजी बोलावं लागेल आणि ते तिला शोभणार नाही. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

तुमचे आजोबा जहाजावर इंजिनिअर होते. सात-आठ महिने समुद्रावर आणि तीन-चार महिने इथे, बेल्ह्याच्या अलीकडच्या आपल्या या शेतावर, असं त्यांचं वर्ष असायचं. एका सुट्टीत ते आले आणि त्यांच्यामागून पंधरा दिवसांनी एक टेंपो आला. टेंपोत चार लाकडी खोकी होती. खोक्यांत ही मोटारसायकल होती, सुटी केलेली. ओट्यावर जुनी चादर अंथरून त्यांनी ती नऊ दिवसांत जोडली. त्या नऊ दिवसांत ओट्यावर कोणाला पाय ठेवायची सोय नव्हती.

परदेशात मातीच्या लंबगोल मैदानावर मोटारसायकलींच्या शर्यती होतात. जत्रेत आपल्या घाटात तुम्ही बैलगाडे पाहिले आहेत. तिथे बैल सरळ चढावर पळतात आणि काही सेकंदांत सगळं संपतं. तिकडे गोल फिरायचं असतं, आणि सगळ्यांनी एकाच बाजूला, डावीकडे. चालवणारा डावा पाय जमिनीला टेकवतो, मागचं चाक मातीत घसरू देतो आणि तसाच वळतो. आपली गाडी शर्यतीची नाही, शर्यतीच्या गाडीसारखी घडवलेली, रस्त्यावर चालवायची अडीचशे सीसीची जपानी गाडी आहे. अशा गाड्या थोड्याच बनल्या आणि आपल्याकडे कधी विकायला आल्या नाहीत. हँडल इतकं रुंद की हात पसरून धरावं लागतं. सीट सपाट. दोन्ही अंगांना पांढऱ्या लंबगोल पाट्या, शर्यतीचा नंबर लिहायला. त्या पाट्या आजही कोऱ्या आहेत.

सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे हनुवटी करून मुलाला विचारलं, "आन् ही कुठं बसायची?"

"मागं बसंल की."

"मागं निस्तं शेपूट हाय. समिंदरावर ऱ्हाऊन बायकू हाय ह्येच इसारलास व्हय?"

आजोबा हुशार होते आणि त्यांना ते माहीत होतं. बंदरावरच्या कटकटी टाळायच्या म्हणून खोक्यांच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'मोटारसायकलचे सुटे भाग' असं लिहिलं होतं. खोकी सुटली. पण सुट्या भागांना आरटीओचा नंबर मिळत नाही, आणि नंबराशिवाय गाडी रस्त्यावर नेता येत नाही. पुढची सात वर्षं आम्ही अर्ज केले, खरं तर मी केले, कारण ते समुद्रावर आणि इंग्रजी माझं. ती फाईल अजून माझ्याकडे आहे, दोन बोटं जाड. शेवटी एका साहेबांनी मला समोर बसवून चहा दिला आणि सांगितलं, "मॅडम, गाडी आहे हे मला मान्य आहे. पण कागदावर गाडी नाही, भाग आहेत. भाग रस्त्यावर कसे चालतील?" नम्र माणूस होता. मला त्याचं बोलणं पटलं, हेच वाईट झालं.

आपल्या फाटकापासून रस्ता चाळीस पावलांवर आहे. ती चाळीस पावलं ही गाडी आजपर्यंत गेलेली नाही.

आजोबा जहाजावर जाताना मला इंग्रजीत लिहिलेला एक कागद देऊन गेले. त्यावर बारा कलमं होती. दर रविवारी सकाळी अकरा वाजता गाडी चालू करायची. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा. किक हळूहळू दाबत जायची, ती कडक लागली की थांबायचं, आणि मग सगळं वजन टाकून एकदाच. मागचं चाक बाभळीच्या ठोकळ्यावर उचललेलं ठेवायचं आणि गिअर टाकून ते हवेत फिरवायचं, म्हणजे साखळीला आणि गिअरच्या तेलाला चलनवलन मिळतं. बरोबर दहा मिनिटांनी बंद. कॉक बंद करायला विसरायचं नाही, हे बारावं.

मला नेमून दिलेलं काम नेमून दिल्यासारखं करायला आवडतं. दोन महिने मी बाराही कलमं पाळली. आठ रविवार मी त्या हवेत फिरणाऱ्या चाकाकडे बघत उभी राहिले. नवव्या रविवारी मी त्या कागदाखाली पेन्सिलीने लिहिलं, 'तेरा. बसणे.'

दुपारी सासूबाई जेवून आडव्या झाल्या की तासभर घर माझं असे. साडी चालणार नव्हती. खुंटीवर आजोबांचा जहाजावरचा पांढरा बॉयलर सूट होता, पायापासून गळ्यापर्यंत एकच. तो घातला, पाय दोनदा दुमडले. गाडी ठोकळ्यावरून उतरवली, ओट्याच्या उतरणीवरून ढकलत खळ्यावर नेली. खळं म्हणजे धान्य मळायची चोपून सारवलेली गोल जागा. मधोमध एक लाकडी खांब पुरलेला असतो, त्याला तिवडा म्हणतात. मळणीच्या वेळी त्याला बैल बांधून कणसांवरून गोल गोल फिरवतात. मी त्या तिवड्याभोवती गाडी फिरवायला लागले. पहिल्या दिवशी दोनदा पडले. चौथ्या दिवशी डावा पाय आपोआप मातीला टेकायला लागला आणि मला कळलं की ही गाडी याच्यासाठीच केलेली आहे. ज्यांनी ती केली त्यांनी आपलं खळं पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

आठवडा गेला असेल. एका फेरीला मान वर केली तर सासूबाई ओट्यावर. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या बघत होत्या. मी गाडी बंद केली. अंगात नवऱ्याचा सूट, केसांत भुसा.

"तिवड्याला बैल फिरवावा तशी फिरतीयास," त्या म्हणाल्या. "जायाचंय कुठं?"

"कुठं नाही."

त्यांनी खळ्यावर उमटलेल्या चाकोरीकडे पाहिलं.

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझी परवानगी ती तेवढीच. कुठे जायचं नसेल तर फिर. मी पस्तीस वर्षं फिरले. एक फेरी अठ्ठ्याऐंशी पावलांची. कधी आठवड्यात तीस फेऱ्या, कधी पन्नास. मळणीयंत्र आल्यावर तिवडा काढला, तरी मी तो तिथे असल्यासारखीच फिरत राहिले. मला आजही गाडी उजवीकडे नीट वळवता येत नाही, तशी कधी वेळच आली नाही. आजोबा समुद्र सोडून कायमचे घरी आले तोवर त्यांचे गुडघे गेले होते. मग ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. "दुसऱ्या गिअरला कुरकुरतेय," एवढंच म्हणत. मी बी.ए. झाले होते, मला पुण्यात नोकरी मिळाली असती, मी तेव्हा का गेले नाही, हे तुमच्या आईने मला एकदा विचारलं होतं. सासूबाई होत्या, मग तुमचे बाबा लहान होते, मग आजोबांचे गुडघे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं.

गाडीच्या मीटरवर आज चार हजार एकशे बारा किलोमीटर आहेत. पुण्याहून श्रीनगरला जाऊन जवळजवळ परत येण्याइतके. ते सगळे खळ्यावरचे आहेत.

आता धाकट्याला माझ्यामागे दिसली त्या जाळीबद्दल. डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्याला आलं तसा आपल्या भागात ऊस आला. आधी बाजरी असायची, बाजरीत लपून लपून काय लपणार? ऊस वर्षभर उभा, माणसापेक्षा उंच, आत गार. बिबट्याला तेच घर झालं. त्याची पिल्लं उसातच जन्मतात, त्यांनी जंगल पाहिलेलंसुद्धा नसतं. पहिल्यांदा कुत्री गेली, मग शेळ्या. आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, दोन शेतं पलीकडे, गवत कापायला वाकलेली एक बाई गेली. तिचं नाव मी लिहीत नाही, तिची मुलं तुमच्याएवढी आहेत.

त्यानंतर इथे संध्याकाळ उरली नाही. पाचला सगळे घरात. शेतात वाकून काम करणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, खिळ्यांची टोकं बाहेर, कारण बिबट्या मान धरतो. वनखात्याने उसाच्या कडेला पिंजरा लावला आहे आणि आत शेळी. शेळी पिंजऱ्यात ओरडते, आम्ही घरात गप्प बसतो, आणि ज्याच्यासाठी पिंजरा लावला तो मोकळा. खळ्याच्या तीन बाजूंना ऊस आहे. मी तिथे जाणं बंद केलं. गाडी ओट्यावर आली, बाभळीच्या ठोकळ्यावर, आणि पुन्हा रविवारची दहा मिनिटं हवेत चाक फिरवणं सुरू झालं. मीटर पुढच्या चाकावर चालतं, त्यामुळे या दहा मिनिटांची नोंद कुठे होत नाही.

तुमचे बाबा रोज फोन करत. शेवटी त्यांनी तिकडे तुमच्या घरी बसूनच ओट्याला सगळीकडून लोखंडी जाळी मारायचं ठरवलं. मागचं दार उसाकडे उघडतं म्हणून त्यावर पत्रा मारायचा, हेही त्यांचंच. वेल्डर बेल्ह्याचा. तिथल्या जनावरांच्या बाजारात येणाऱ्या टेंपोंना तो मागचे लोखंडी कठडे आणि जाळ्या बसवतो, त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मी त्याला मापं लिहून दिली. हँडल तेहेतीस इंच, म्हणून दार छत्तीस इंच. एवढी काटेकोर मी, पण एक गोष्ट मोजायची विसरले. ओटा पाच फूट खोल आणि गाडी सात फूट लांब. गाडी ओट्याला समांतर उभी, दार तिच्या उजव्या हाताला. तेवढ्या जागेत तिचं तोंड दाराकडे वळूच शकत नव्हतं. जाळी पुरी झाल्यावर मला ते दिसलं. गाडी आत राहिली.

दुसरी चूक वेल्डरची. काम संपवून तो हात पुसत होता. मी दार लावून बघितलं आणि विचारलं, "कडी कुठे आहे?"

"ही काय, आजी." त्याने बाहेरून खालच्या बाजूची जाड कडी सरकवली आणि तिच्या भोकात साखळीची खीळ टाकली. "रेडा जरी धडकला तरी उघडायची न्हाई."

"पण मी आत असते."

त्याने कडी पुन्हा मागे सरकवून बघितली. मग कपाळावर हात मारून हसायला लागला. "लई झालं, आजी! हातच बसलाय ना, जनावराला कडी बाहेरूनच लागती."

त्याने आतूनही एक कडी लावून दिली. बाहेरची काढायला कटर लागेल म्हणाला आणि कटर दुकानात राहिला होता. "ऱ्हाऊ द्या, काय खाती व्हय ती?" म्हणून गेला. मी राहू दिली.

दोन महिन्यांपूर्वीचा मंगळवार. शेजारची सून सकाळी आठला खुरपायला निघाली. ही पोरगी पंचविशीची आहे, कांदे खुरपते, गळ्यात तो पट्टा घालते आणि माझ्या नळावर हंडा भरते. नळापाशी ओल्या मातीत तिला ताजे पंजे दिसले. तिने मला हाक मारली. मी न्हाणीत होते, ऐकू आलं नाही. मी न बघता बाहेर पडेन म्हणून तिने बाहेरची कडी सरकवली, खीळ टाकली आणि सासऱ्यांना सांगायला पळाली. अर्ध्या तासात परत येऊन उघडायचं तिच्या मनात होतं. पण वनखात्याची माणसं आली, ती त्यांना पुढचे माग दाखवायला कालव्यापर्यंत गेली, आणि कडी तिच्या डोक्यातून गेली.

मी न्हाऊन बाहेर आले, आतली कडी काढली, दार ढकललं. हललं नाही. जाळी बारीक, पंजा आत येऊ नये अशी, तिच्यातून माझा हात कसा जाणार? मागच्या दाराला पत्रा. लाईट पहाटेच गेली होती, फोन चार्जिंगला लावलेला तसाच मेला होता. मी हाका मारल्या. ऊस हाका पिऊन टाकतो. मग मी चहा केला, कारण दुसरं काही सुचेना. चहा पिऊन पुन्हा हाका मारल्या. साडेनऊ, दहा. मला काही होत नव्हतं, हे तुम्हाला सांगते. दुखत नव्हतं, भूक नव्हती, घर माझंच होतं, आणि दाराची कडी माझ्या पायापासून वीतभर अंतरावर मला दिसत होती. तरी मी जाळीला दोन्ही हातांनी धरून हलवायला लागले. पलीकडच्या पिंजऱ्यातली शेळी ओरडत होती. मी तिला इंग्रजीतून गप्प बस म्हणाले. हे मी तुमच्या बाबांना सांगितलेलं नाही.

मग मी गाडीकडे वळले. कॉक, चोक, किक. गुडघा आता साथ देत नाही. अकराव्या किकला ती लागली.

मंगळवारी साडेदहाला गाडीचा आवाज रानात गेला. शेजारच्या सुनेने तो ऐकला, ते तिने मला नंतर सांगितलं ते असं: "म्हटलं, आजींचा वार चुकला. म्हातारपण. मी रविवारी तुमच्या गाडीवर कुकर लावती ना, गाडी गप झाली की गॅस बंद. म्हटलं, दहा मिन्टात व्हईल गप. तर हिचं चालूच. पंधरा झाली, ईस झाली. म्हटलं, आजी दहाची अकरा मिन्टं करायच्या न्हाईत. गाडीवर बसल्या बसल्या खपल्या का काय! आन् मंग माझ्या ध्यानात आली कडी."

ती खुरपं हातात घेऊन पळत आली. पळताना पट्टा फिरून खिळे तिच्याच हनुवटीला लागले होते. खीळ काढून तिने दार उघडलं. "आजी, मारा मला," म्हणाली.

"आधी कॉक बंद करू दे," मी म्हणाले.

ती गोष्ट त्याच दिवशी तुमच्या बाबांना कळली, कारण तिने स्वतःच फोन करून सांगितली, रडत. बाबा म्हणाले, "आई, आता पुरे. घर बंद करू. तू पुण्याला चल. कायमची."

"मी कडीमुळे अडकले."

"कडी, जाळी, बिबट्या, काय फरक आहे? अडकलीस ना?"

त्यांचंही कारण खरं होतं. आयुष्यभर मी अशाच खऱ्या कारणांपुढे गप्प बसत आले.

पंधरा दिवसांनी त्यांनी पाठवलेले एक गृहस्थ पुण्याहून आले. जुन्या मोटारसायकली जमवतात. फार सभ्य. आधी वाकून इंजिन बघितलं, मग पांढऱ्या पाट्या, आणि मीटर बघितल्यावर त्यांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"चार हजार? चाळीस वर्षांत?"

"हो."

"नशीबवान गाडी हो. पळालीच नाही." त्यांनी टाकीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. "अशी मिळत नाही. माझ्याकडे काचेची खोली आहे, एसी. तेल, पेट्रोल सगळं काढून टाकू. पुन्हा किक मारायची गरजच नाही. आहे तशी शंभर वर्षं राहील."

मी त्यांना पोहे दिले. पोहे खाताना ते गाडीकडेच बघत होते. त्यांना गाडीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम असेल, असंही वाटलं. ती खोली ओट्यापेक्षा चांगली असणार. आणि तेवढ्यात मला नीट दिसलं की हे गाडी घेऊन गेले की घर बंद करायला आडकाठी अशी काहीच उरणार नाही. फक्त मी उरेन, आणि मला न्यायला टेंपोसुद्धा लागत नाही. मी त्यांना सांगितलं, "गाडी द्यायची नाही. तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं, माफ करा."

त्या रात्री तुमचे बाबा आणि मी दीड तास बोललो. आवाज चढले. शेवटी ठरलं ते असं. ऊसतोडीचे चार महिने मी पुण्याला राहायचं, कारण ऊस तुटायला लागला की बिबटे उघड्यावर येतात आणि तेव्हा धोका सगळ्यांत जास्त. तोड संपली की परत इथे. घर बंद करायचं नाही, गाडी विकायची नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलायचं. मी जिंकले असं समजू नका. पुण्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे आणि त्याच्याही गॅलरीला जाळी आहे.

चार महिने गाडी बंद ठेवता येत नाही. मी आजोबांचा इंग्रजी कागद मराठीत उतरवला आणि शेजारच्या सुनेला शिकायला बसवलं. पहिल्या दिवशी किक उलटी आली आणि तिच्या घोट्याला लागली. "ही तर लाथ मारती, आजी! आमची म्हैस बरी." दुसऱ्या रविवारी तिसऱ्या किकला चालू केली. मग ती कागद हातात घेऊन म्हणाली, "मराठीत बाराच हायेत. विंग्रजी कागदावर खाली पेन्सिलीनं 'तेरा. बसणे' लिवलंय, ते कुणाचं?"

"ते माझं आहे."

"मला न्हाई का?"

मी तिला सांगितलं, जाळी उघडी असेल, भर दिवस असेल आणि बरोबर कोणी असेल, तर आहे.

काल वेल्डरला बोलावलं. कटर घेऊन यायला दोनदा बजावलं होतं. त्याने आधी ती बाहेरची कडी कापली, मग ओट्याच्या टोकाची जाळी कापून तिथे एक फाटक केलं, गाडीच्या अगदी तोंडासमोर. आता तिला वळावंच लागत नाही. साडेअकराला शेजारची सून आणि मी, आम्ही गाडी ठोकळ्यावरून काढून खळ्यावर ढकलत नेली. मी बॉयलर सूट घातला नाही, सलवार होती. सून गळ्यात पट्टा आणि हातात काठी घेऊन शेजारून चालत होती. किक तिने मारली. मी पहिल्या गिअरमध्ये एक फेरी मारली, डावा पाय मातीला लावून. अर्धी फेरी झाली आणि ऊस खसखसला. मी क्लच दाबला. ती माझ्या आणि उसाच्या मधे येऊन उभी राहिली, काठी वर धरून. आम्ही दोघी कितीतरी वेळ उसाकडे बघत होतो. काही आलं नाही. वारा असेल, कुत्रं असेल. तिने मान हलवली, मी उरलेली अर्धी फेरी पुरी केली आणि गाडी आत घेतली.

तिची फेरी राहिली. मी परत आल्यावर, असं ती म्हणाली. बॉयलर सूट धुऊन खुंटीवर ठेवला आहे, आणि तो कुठे आहे ते तिला माहीत आहे.

धाकट्याने विचारलं होतं त्याचं उत्तर: जेल नाही, पण तसंच दिसतं. कडी आता आतून आहे.

आणि गाडी आहे. ओट्यावर, फाटकाकडे तोंड करून, बाभळीच्या ठोकळ्यावर. मीटरवर अजून चार हजार एकशे बाराच आहेत, एका फेरीने आकडा बदलत नाही. पाट्या कोऱ्या आहेत, इंजिन तिसऱ्या किकला लागतं, आणि रविवारी सकाळी अकरा वाजता दहा मिनिटं ती चालू असते.